तिसरा रकाना

एस्टोनियात, विल्यांडी गावी,
तळ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी
माझी बेकरी. एक भट्टी, एक काउंटर, एक वही.
वहीत तीन रकाने: भाजलं, विकलं,
आणि तिसऱ्यावर आधी लिहिलं होतं ‘उरलं’.
मग ते खोडून लिहिलं ‘फेकलं’.
उरलं म्हटलं की दोष पावाचा वाटतो.

पहिल्या हिवाळ्यात एका मंगळवारी
तीन किलो आठशे.
ज्या काट्यावर सकाळी पीठ तोललं
त्याच काट्यावर संध्याकाळी कडक झालेले पाव.
बेरीज करायला त्या रात्री बसलेच नाही.

राईचं आंबवण मला सासूनं दिलं,
काठवटीसकट.
‘धुवायची नाही हं,’ म्हणाली, ‘खरवडायची.
खरवडीतच उद्याचं विरजण असतं.’
इतकी वर्षं मला वाटायचं,
ती चवीबद्दल बोलत होती.

तर मी खरवडायला लागले.
ऊर्मासच्या गिरणीत रिकामी पोती परत नेली.
तो हसला, मग दुसऱ्या खेपेला म्हणाला,
‘झटकून आण, किडे येतात.’
कागदी पिशव्या बंद केल्या तेव्हा
तीन गिऱ्हाइकं तुटली,
आणि म्हातारा काल्यू उशीचा अभ्रा घेऊन आला,
त्यावर निळी फुलं. अजून तोच आणतो.
भट्टीची राख बर्फाळ पायऱ्यांवर.
भट्टीची निवती ऊब
शेजाऱ्यांच्या सफरचंदांच्या चकत्यांना,
आणि शाळा सुटल्यावर
पोरांच्या ओल्या हातमोज्यांना.
शिळ्या पावाचं सूप, मनुका घालून.
शिळ्या पावाचं क्वास.

क्वासचं सांगायलाच हवं.
चौदा बाटल्या फुटल्या, पहाटे तीन वाजता,
एकामागून एक, लग्नात फटाके उडावेत तशा.
छताला अजून डाग आहे.
कोंड्याचा मांडा करायला गेले
आणि मांड्याने खिडकीची काच फोडली.
त्या आठवड्यात तिसऱ्या रकान्यात
काचही तोलून लिहिली.

तरी आकडा उतरत गेला.
किलो. सातशे. दोनशे दहा.
फेब्रुवारीत तळ्यावर मोटारी चालतात,
तेव्हा एका गुरुवारी
मी वहीत शून्य काढलं.
गोल, सावकाश, जवळपास बोराएवढं.
दिवा मालवायला हात गेला, तेवढ्यात घंटी वाजली.

इस्पितळातली माल्ले. रात्रपाळीला निघालेली,
पापण्यांवर हिमाचा भुगा.
तिनं रिकाम्या फळ्यांकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, मग हसून म्हणाली,
‘असू दे. काही नाही.’
आणि दार अगदी हळू लावून घेतलं,
जसं आजाऱ्याच्या खोलीचं लावतात.

‘काही नाही’ किती ग्रॅमचं असतं?
माझ्या काट्यावर ते उमटत नाही.
मी नेमकं भाजलं होतं, नेमकं विकलं होतं,
आणि त्या नेमकेपणात
उशिरा येणाऱ्या माणसाला जागा नव्हती.

शून्य मी खोडलं नाही. शाई पुसत नाही,
आणि खोटंही नव्हतं ते.
पण शुक्रवारपासून एक पाव जास्तीचा.
कुणाचा म्हणून नाही.
पावणेसहापर्यंत तो फळीवर एकटा बसतो,
कुणी विचारलं तर सांगते, ‘ठेवलेला आहे.’
‘कुणासाठी?’
‘माहीत नाही.’

बँकेचा माणूस वही चाळताना थबकला.
‘हा रोजचा नऊशे ग्रॅम आतबट्ट्याचा,
हा कमी करता येईल.’
येईल, म्हटलं. करून पाहिलं आहे.

आजची नोंद:
भाजलं बेचाळीस, विकलं एकेचाळीस.
माल्ले आली नाही, आज तिला सुट्टी असेल.
फळीवरचा पाव उतरवला,
कडेला सुरी लावली, ऐकलं:
कवच अजून वाजतंय.
तिसऱ्या रकान्यातला शब्द खोडला पुन्हा,
त्याजागी काय लिहावं ते सुचेना.
मनुका भिजत घातल्या.